शस्त्र प्रशिक्षकाला प्रमाणपत्र देताना नेमके काय तपासावे?

कर्वेनगरकर

स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून नेमबाजीची चौकशी करणारे पालक मला पुण्यात सतत भेटत आहेत. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील रेंज २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली. आता मात्र उपनगरांतील व्यापारी इमारतींमध्ये आणि शाळांच्या सभागृहांमध्येही दहा मीटरच्या लेन आखलेल्या दिसतात. चौकशीला आलेले पालक लेन किती आहेत, रायफल कोणत्या कंपनीची आहे आणि महिन्याचे शुल्क किती आहे, हे विचारतात. शिकवणाऱ्या माणसाला शिकवण्याचा अधिकार कोणी दिला आणि तो देताना काय पाहिले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. मी स्थानिक स्पर्धांमध्ये रेंज ऑफिसर, म्हणजे रेंजची सुरक्षितता पाहणारा, म्हणून उभा राहतो. तिथे जे पाहत आलो, त्यातूनच या मंचावर चर्चेचा हा धागा काढावासा वाटला.

आपल्याकडे ‘शस्त्र प्रशिक्षक’ या एका नावाखाली तीन वेगळी कामे चालतात. मुलांना आणि तरुणांना खेळ म्हणून नेमबाजी शिकवणारा पहिला. शस्त्र परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला शस्त्र सुरक्षितपणे हाताळायला, साठवायला आणि नेण्या-आणण्यास शिकवणारा दुसरा. बँका, रोकड वाहने आणि सराफी पेढ्यांवर नेमल्या जाणाऱ्या सशस्त्र रखवालदारांना तयार करणारा तिसरा. या तिघांचे विद्यार्थी वेगळे, शस्त्रे वेगळी आणि चुकीची किंमतही वेगळी असते. तरीही पात्रता विचारली की उत्तर ठरलेले असते: ते राष्ट्रीय स्पर्धा खेळले आहेत, किंवा ते सैन्यात होते.

माझे म्हणणे असे आहे की प्रशिक्षकाच्या परीक्षेत त्याच्या स्वतःच्या नेमाला दुय्यम स्थान असावे. शेजारी उभ्या असलेल्या नवख्या माणसाच्या हाताकडे, बोटाकडे आणि नळीच्या तोंडाकडे तो अखंड लक्ष ठेवू शकतो का, चूक होण्याच्या क्षणाआधी ती ओळखून थांबवू शकतो का आणि ती चूक पुन्हा होणार नाही अशा रीतीने समजावू शकतो का, हे आधी तपासले पाहिजे. उत्तम नेमबाज रेंजवर स्वतःत बुडून जातो, कारण त्याने वर्षानुवर्षे तोच सराव केलेला असतो. प्रशिक्षकाला मात्र स्वतःला पूर्ण विसरून दुसऱ्याकडे पाहावे लागते. ही दोन्ही कौशल्ये एका माणसात असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरे असेलच, असे धरून चालता येत नाही.

रेंज चालवणारे, परवानाधारक, पालक, माजी सैनिक आणि कायद्याचे जाणकार यांनी आपली मते सविस्तर मांडावीत, ही विनंती.

निवृत्त सुभेदार, खडकी

आपला मुद्दा मला बराचसा पटतो, तरी एका ठिकाणी थोडी भर घालतो. ‘सैन्यात होते’ या दोन शब्दांत फार वेगवेगळी माणसे मोडतात. प्रत्येक जवान शस्त्र चालवतो, पण प्रत्येक जवान शस्त्र शिकवत नाही. शिकवण्यासाठी वेगळे कोर्स असतात. धडा कसा मांडायचा, नमुना कसा दाखवायचा, शिकणाऱ्याकडून तो कसा करवून घ्यायचा आणि चूक कशी सुधारायची, याची तिथे तयारी होते आणि त्यात नापासही करतात. म्हणून माजी सैनिकाला नेमणाऱ्या संस्थेने सेवापुस्तिकेतली वर्षे मोजण्यापेक्षा त्याने शस्त्रप्रशिक्षकाचा कोर्स केला होता का, हे विचारावे.

दुसरी गोष्ट मला निवृत्तीनंतर नागरिकांना शिकवताना उमगली. सैन्यात शिकणारा हुकूम ऐकतो. ‘थांब’ म्हटले की थांबतो, कारण त्याच्या आधीच्या कित्येक महिन्यांनी त्याला थांबायला शिकवलेले असते. इथे समोरचा माणूस दुकानदार, डॉक्टर किंवा बांधकाम व्यावसायिक असतो, त्याने शुल्क भरलेले असते आणि हुकूम ऐकण्याची त्याला सवय नसते. पहिली गोळी झाडली की तो आनंदाने मागे वळतो आणि विचारतो, ‘सर, लागली का?’ त्या वेळी भरलेले पिस्तूल त्याच्या हातातच असते आणि त्याच्याबरोबर तेही वळते. नवख्या माणसाची ही सर्वांत धोकादायक आणि सर्वांत नेहमीची हालचाल आहे. प्रशिक्षकाने कुठे उभे राहावे, हे त्यावरूनच ठरते: शस्त्र धरलेल्या हाताच्या बाजूला, किंचित मागे, आपला हात त्याच्या मनगटापर्यंत पोहोचेल इतक्या अंतरावर. समोर बसून सूचना देणारा माणूस प्रशिक्षक होऊ शकत नाही.

शस्त्रांचाही फरक आहे. आमचे आयुष्य रायफलवर गेले. पुण्यातील परवानाधारकांकडे बहुतेक करून .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असते, गावाकडे शेतावर बारा बोअरची दुनळी असते. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात किती काडतुसे आहेत हे दिसते. पिस्तुलाचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढले तरी नळीत एक काडतूस राहू शकते. हा एक फरक शिकणाऱ्याच्या अंगवळणी पडला नाही, तर ‘रिकामे आहे’ असे समजून साफ करायला घेतलेले पिस्तूल घरात सुटते. ज्या प्रकारच्या शस्त्रावर शिकवायचे, त्याच प्रकारावर प्रशिक्षकाची परीक्षा झाली पाहिजे.

कर्वेनगरकर

सुभेदारसाहेब, उभे राहण्याच्या जागेबद्दल आपण लिहिलेत, त्याला धरून एक घटना सांगणे गरजेचे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पर्यटकांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी नावाची स्वयंचलित सबमशीनगन देण्यात आली. एकेक गोळी झाडून झाल्यावर शस्त्र स्वयंचलित स्थितीत आणले गेले, धक्क्याने ते वर आणि डावीकडे गेले आणि शेजारी उभ्या प्रशिक्षकाच्या डोक्यात गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. तो प्रशिक्षक माजी सैनिक होता आणि शस्त्र चालवण्यात निपुण होता. त्या मुलीचे वय, तिच्या मनगटांची ताकद आणि त्या शस्त्राचा धक्का यांचा मेळ बसत नाही, हा निर्णय तिथे कोणीच घेतला नाही. ‘हे शस्त्र या माणसाला आज द्यायचे नाही’ असे ठरवण्याची आणि तसे स्पष्ट सांगण्याची क्षमता हीसुद्धा पात्रता आहे, आणि ग्राहक शुल्क भरून समोर उभा असताना ती अधिक कठीण होते. प्रमाणपत्राच्या परीक्षेत नकार देण्याचा प्रसंग मुद्दाम ठेवला पाहिजे.

बाणेरची पालक

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि दहा मीटर एअर पिस्तूल शिकतो. धागा वाचून मी त्याच्या अकादमीत काही प्रश्न विचारले. प्रशिक्षक आदराने बोलले, तरी दोन उत्तरांनी मी अस्वस्थ झाले. मुख्य प्रशिक्षक स्पर्धेसाठी परगावी गेले की वर्ग कोण पाहतो, या प्रश्नावर ‘मोठी मुले पाहतात’ असे उत्तर आले. ती मोठी मुले म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचे विद्यार्थी आहेत. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाचे झाले आहे, यावर पेटी कुठे ठेवली आहे ते दाखवण्यात आले.

मला वाटते, मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या निकषांत शस्त्रापलीकडच्या काही गोष्टी सक्तीच्या हव्यात. या खेळात शरीराची ठेवण सुधारताना प्रशिक्षकाला खांदा, कोपर, कंबर, पायांतील अंतर यांना हात लावावा लागतो. कुठे, कसा आणि आधी विचारून हात लावायचा, याचे लिखित नियम असावेत आणि ते पालकांना पहिल्याच दिवशी द्यावेत. लहान मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असावा आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झालेली असावी. एअर पिस्तुलाचे छर्रे शिशाचे असतात. सराव संपल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, ही साधी शिस्त माझ्या मुलाला मी घरी शिकवली. ती वर्गात शिकवली जायला हवी होती.

मला जाणकारांना विचारायचे आहे की ‘एअर पिस्तूल म्हणजे खेळणे, त्याला कसला धोका’ असे जे मला सांगितले गेले, त्यात कितपत तथ्य आहे?

दहा मीटर

ताई, तथ्य नाही. मी एअर रायफल शिकवतो, म्हणून आकडे देतो. स्पर्धेच्या एअर रायफलमधून ४.५ मिलिमीटरचा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा सात ज्यूलच्या आसपास भरते. गोळीच्या तुलनेत ती फार कमी आहे, पण डोळा कायमचा जाण्यास पुरेशी आहे. शिवाय या बंदुकांना हवेचा सिलिंडर असतो आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरलेली असते. उत्पादकांनी या सिलिंडरांना दहा वर्षांची मुदत दिलेली असते आणि तारीख त्यावर कोरलेली असते. आपल्याकडे जुन्या रायफली हातोहात विकल्या जातात, त्यांच्याबरोबर मुदत संपलेले सिलिंडरही फिरत राहतात. आपल्या वर्गातील प्रत्येक सिलिंडरची तारीख ज्याला सांगता येत नाही, त्याने वर्ग चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार शस्त्र वापरात नसताना नळीत ठळक नारिंगी रंगाची सुरक्षा पट्टी घालावी लागते आणि ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ या आज्ञांवर सर्व लेन एकाच वेळी चालतात. ही पद्धत सरावातही पाळली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी सरावात प्रत्येक जण आपापल्या गतीने छर्रे झाडत असतो, मधेच एखादे मूल कागदी टार्गेट बदलायला पुढे जाते आणि शेजारच्या लेनवरचा मुलगा नेम धरूनच असतो. प्रशिक्षकाची खरी परीक्षा अशा वेळी असते.

महासंघाच्या प्रशिक्षक परवान्याच्या डी, सी, बी आणि ए अशा पायऱ्या आहेत. त्या चांगल्या आहेत आणि मुलांना शिकवणाऱ्याने निदान पहिली पायरी गाठलेली असावी. पण तो परवाना प्रामुख्याने खेळाडू घडवण्यासाठी आहे. वर्गाची सुरक्षितता सांभाळणे हे रेंज ऑफिसरचे काम आहे. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनमध्येही शिकवणारा, खेळाडूला पुढे नेणारा आणि रेंजची सुरक्षितता पाहणारा यांची प्रमाणपत्रे वेगळी आहेत. पोहण्याच्या तलावावर शिकवणारा पाण्यात असतो आणि जीवरक्षक काठावर, तसेच इथे असायला हवे. एका मुलाच्या खांद्याची ठेवण सुधारायला वाकलेला प्रशिक्षक त्याच क्षणी इतर लेनकडे पाहू शकत नाही. काडतुसे वापरणाऱ्या नवख्यांच्या वर्गात चार जणांमागे एक प्रशिक्षक आणि त्यांच्याखेरीज रेंजवर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र माणूस, असे प्रमाण मी सुचवेन.

शिवाजीनगर वकील

कायद्याची बाजू थोडी नीट मांडतो, कारण चर्चेत ‘सरकारने काहीच केलेले नाही’ असा सूर येण्याचा संभव आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे. या नियमांतील नियम १० मध्ये परवान्याच्या अर्जदारासाठी शस्त्र व दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. सुरक्षित हाताळणी आणि वाहून नेणे, गोळी झाडण्याचे तंत्र, देखभाल, साठवण आणि वाहतूक, हे विषय त्यात येतात. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र एस-१ या नमुन्यात मिळते. पुणे आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून दिला जातो, तेव्हा हे प्रमाणपत्र त्या फायलीत लागते.

विषयांची यादी आहे, उणीव पुढच्या टप्प्यावर आहे. शिकणाऱ्याला ते विषय खरोखर आले का आणि शिकवणाऱ्याला ते शिकवता येतात का, हे मोजण्याची समान पद्धत दिसत नाही. त्यामुळे एकाच नमुन्यातील दोन प्रमाणपत्रांमागे एका ठिकाणी काही दिवसांचे मनापासून दिलेले शिक्षण असू शकते आणि दुसऱ्या ठिकाणी एका दुपारची हजेरी. कॅनडात परवान्यापूर्वीच्या सुरक्षा अभ्यासक्रमात लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही परीक्षांमध्ये स्वतंत्रपणे ८० टक्के गुण मिळवावे लागतात आणि शिकवणाऱ्याची नेमणूक त्या प्रांताचा मुख्य शस्त्र अधिकारी करतो. कॅलिफोर्नियात शस्त्र खरेदीपूर्वी ३० प्रश्नांची लेखी परीक्षा असते, तीत २३ उत्तरे बरोबर यावी लागतात आणि ती परीक्षा राज्याच्या न्याय विभागाने मान्य केलेला प्रशिक्षकच घेऊ शकतो. या दोन्ही ठिकाणी परवाना आणि शस्त्रे यांविषयीची धोरणे आपल्याहून पूर्ण वेगळी आहेत, ती आणावीत असे मी म्हणत नाही. परीक्षा घेणाऱ्याची मान्यता आणि उत्तीर्ण होण्याची रेषा या दोन गोष्टी त्यांनी लिहून ठेवल्या आहेत, एवढेच घेण्यासारखे आहे.

आता एअर पिस्तुलाविषयी. २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि .१७७ इंचापर्यंत बोअर (नळीचा आतील व्यास) असलेल्या हवेच्या बंदुकांना परवाना लागत नाही. खेळाच्या प्रसारासाठी ही सवलत आवश्यक आहे आणि ती काढू नये. मात्र तिचा परिणाम असा होतो की केवळ दहा मीटरची अकादमी चालवणारा माणूस शस्त्र परवान्याच्या संपूर्ण यंत्रणेबाहेर राहतो. त्याची पडताळणी करण्याची वेळ कोणत्याच कार्यालयावर येत नाही. म्हणून या गटासाठी क्रीडा संघटना आणि क्रीडा खाते यांनीच निकष ठरवणे गरजेचे आहे.

एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. स्वसंरक्षणासाठी परवाना मागणाऱ्याला प्रशिक्षक जे कायदेशीर ज्ञान देतो, ते पुष्कळदा चुकीचे असते. ‘घरात शिरला की गोळी घातली तरी चालते’ असे बिनधास्त सांगितले जाते. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. मालमत्तेच्या बचावासाठी मृत्यू ओढवेपर्यंत जाण्याची मुभा कलम ४१ मध्ये जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी अशा मोजक्याच प्रसंगांना आहे, आणि तीही कलम ३७ च्या मर्यादेत. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. हे सर्व ज्याला अचूक सांगता येत नाही, तो विद्यार्थ्याला थेट तुरुंगाच्या वाटेवर नेतो. कायद्याची लेखी परीक्षा प्रशिक्षकासाठी स्वतंत्र असावी आणि कायद्यात दुरुस्ती झाली की ती पुन्हा घ्यावी.

पहारा

मी सुरक्षा रक्षकांना शिकवतो. तिसऱ्या गटाबद्दल फार थोडे बोलले जाते, म्हणून लिहितो. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे आणि २००६ च्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे किमान २० कामकाजाच्या दिवसांचे प्रशिक्षण ठेवले होते. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते ४० आणि १६ तासांचे होते. या विषयांमध्ये शस्त्र हाताळणी ऐच्छिक होती. रक्षकाला काठी आणि टॉर्च द्यायची असेल तर हे समजण्यासारखे आहे. पण ज्याच्या खांद्याला बारा बोअर लटकणार आहे, त्याच्यासाठी ती ऐच्छिक राहू शकत नाही.

या कामात गोळी झाडण्याची वेळ क्वचित येते. अपघात घडतो तो पाळी बदलताना, बंदूक भरताना किंवा रिकामी करताना, किंवा रोकड वाहनात चढता-उतरताना. त्यामुळे टार्गेटवर किती छिद्रे पडली, यावर रक्षकांच्या प्रशिक्षकाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. गर्दीच्या शाखेत, खुर्च्यांच्या मधून, लोकांच्या पायांजवळून नळी कशी नेतात, वाळूच्या पेटीकडे तोंड करून बंदूक कशी रिकामी करतात आणि पुढच्या पाळीच्या माणसाला ती उघडून, दाखवून कशी देतात, हे त्याला शिकवता आले पाहिजे. माझ्याकडे आलेल्या एका रक्षकाने आधीच्या नोकरीत कित्येक महिने तीच काडतुसे कमरेच्या पट्ट्यात वागवली होती आणि ती घामाने व पावसाने खराब झाली होती. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की काडतुसांचीही पाहणी करायची असते.

सदाशिव पेठ

मला इथे विरोधी मत नोंदवायचे आहे. आपल्याकडे प्रमाणपत्र म्हटले की त्याचा बाजार होतो. दोन वर्षांत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था उभ्या राहतील, त्यांचे शुल्क वाढेल, मोठ्या अकादम्या ते भरतील आणि ज्या छोट्या माणसांनी तालुक्याच्या ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये चार लेन चालवल्या आहेत, ती बंद पडतील. स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे. क्रीडा प्रबोधिनीसारखी सरकारी योजना होती म्हणून ते पुढे आले. नेमबाज तेजस्विनी सावंतही कोल्हापूरच्या. हा खेळ आधीच महाग आहे. छर्रे, जाकीट, रायफल यांचा खर्च सामान्य घराला पेलत नाही. त्यात शिकवणाऱ्यावर आणखी बोजा टाकला, तर तो शेवटी विद्यार्थ्याच्या शुल्कातच उतरेल.

शिवाय लिखित निकषांवर माझा फारसा विश्वास नाही. चांगला प्रशिक्षक शिष्यांवरून ओळखला जातो.

कर्वेनगरकर

आपली भीती खरी आहे आणि तिचे उत्तर निकषांच्या रचनेतच शोधावे लागेल. मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. अभ्यासक्रम विकणाऱ्या संस्थेने परीक्षा घेऊ नये. परीक्षक वेगळ्या जिल्ह्यातून यावेत आणि त्यांचे मानधन उमेदवार उत्तीर्ण होतो की नाही, यावर अवलंबून नसावे. अभ्यासक्रम सक्तीचा नसावा, परीक्षा सक्तीची असावी, म्हणजे तालुक्याच्या शेडमध्ये शिकवणाऱ्या अनुभवी माणसाला महागडे शिबिर न करता थेट परीक्षेला बसता येईल. आणि शुल्क एवढे कमी असावे की त्यावर कोणाला धंदा उभारता येऊ नये. परीक्षा एका दिवसात, त्याच्याच रेंजवर, त्याच्याच शस्त्रांवर घेता येईल.

शिष्यांवरून प्रशिक्षक ओळखावा, हे खेळातील प्रगतीपुरते मी मान्य करतो. सुरक्षिततेबाबत ते लागू पडत नाही, कारण ढिलाई असलेल्या वर्गातही वर्षानुवर्षे काही घडत नाही आणि प्रत्येक जण ते आपल्या शिस्तीचे फळ समजतो. .२२ बोअरच्या रायफलची गोळी सुमारे दीड किलोमीटर अंतर जाऊ शकते. पन्नास मीटरच्या रेंजमागची भिंत किंवा मातीचा बांध पुरेसा उंच नसेल, तर ते कित्येक हंगाम लक्षातही येणार नाही. पदके मिळवणाऱ्या शिष्यांची यादी त्याबद्दल काहीही सांगत नाही.

निवृत्त सुभेदार, खडकी

परीक्षा कशी घ्यावी, याबद्दल ठोस सुचवतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. उमेदवाराला फायरिंग लाइनवर उभे करावे. परीक्षकांपैकी काही जण नवखे विद्यार्थी होतील आणि शस्त्रांत फक्त ड्रिल काडतुसे असतील, म्हणजे ज्यांत दारू आणि टोपी (दारू पेटवणारा भाग) नसते ती. हे विद्यार्थी ठरवून चुका करतील. एक जण शस्त्र हातात घेऊन मागे वळेल. एक जण नेम धरण्यापूर्वीच बोट चापावर ठेवेल. एक जण काडतूस उडालेच नाही असे दाखवेल आणि लगेच बोल्ट (नळी मागून बंद करणारा खटका) उघडायला जाईल. तिथे नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायला लावले पाहिजे, कारण उशिरा पेट घेणारे काडतूस तेवढ्यात फुटू शकते. एकाच्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, असे सांगितले जाईल. तिथे पुढची गोळी झाडू न देता नळीत आधीची गोळी अडकली आहे का, हे तपासले पाहिजे. आणि एक जण काहीही चुकणार नाही, पण त्याच्या हालचालींवरून तो नशेत असल्याचे जाणवेल. उमेदवार त्याला रेंजवर येऊ देतो की नाही, हे पाहायचे.

गुणांची बेरीज करून उत्तीर्ण करण्याला माझा विरोध आहे. जिवावर बेतणारी एक जरी चूक उमेदवाराच्या नजरेतून सुटली, तर लेखी परीक्षेत पूर्ण गुण असले तरी तो अनुत्तीर्ण ठरावा आणि काही महिन्यांनी पुन्हा यावा. आणखी एक पाहावे: चूक थांबवताना तो ओरडतो का, हिसकावतो का. घाबरलेल्या माणसाच्या हातातून भरलेले शस्त्र हिसकावणे हीच नवी दुर्घटना असते. शांत, मोठ्या आणि एकाच शब्दात दिलेला हुकूम आणि त्याच वेळी नळी सुरक्षित दिशेला ठेवणारा हात, इतके त्याला जमले पाहिजे.

बाणेरची पालक

सुभेदारकाका, तुमच्या प्रतिसादाने मला अकादमीत काय पाहायचे, ते नीट समजले. आता मी शुल्काच्या पावतीऐवजी आधी वर्गात तासभर मागे बसून पाहीन. एक शंका उरते. एखाद्या प्रशिक्षकाच्या हातून गंभीर हलगर्जी झाली आणि तो एका अकादमीतून बाहेर पडला, तर तो पुढच्या महिन्यात हडपसरला किंवा चिंचवडला दुसरीकडे शिकवू लागेल. पालकांना ते कळणार कसे?

शिवाजीनगर वकील

प्रमाणपत्राला मुदत असावी आणि ते निलंबित किंवा रद्द करता यावे, याचे कारण हेच आहे. शस्त्र परवाना पाच वर्षांचा असतो. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र त्याहून कमी मुदतीचे, माझ्या मते तीन वर्षांचे असावे आणि नूतनीकरणाच्या वेळी सुभेदारसाहेबांनी सांगितलेली प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा व्हावी. प्रमाणपत्र क्रमांक, कोणत्या शस्त्रप्रकारासाठी ते आहे आणि ते सध्या चालू आहे की नाही, एवढी माहिती संकेतस्थळावर कोणालाही पाहता यावी. पत्ता किंवा भ्रमणध्वनी देण्याची गरज नाही. निलंबनापूर्वी त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे आणि अपिलाची सोय हवी, अन्यथा दोन अकादम्यांच्या स्पर्धेत खोट्या तक्रारींचे हत्यार होईल.

मात्र जिथे कोणालाही इजा झाली नाही, अशा प्रसंगांच्या नोंदी या शिक्षेच्या प्रक्रियेपासून वेगळ्या ठेवाव्यात. शस्त्र अचानक सुटले पण छर्रा भिंतीत गेला, मूल आज्ञेआधी लेनपुढे गेले, सिलिंडरची मुदत टळल्याचे उशिरा लक्षात आले, अशा गोष्टी प्रत्येक रेंजने तारखेसह वहीत लिहाव्यात आणि नूतनीकरणाच्या वेळी परीक्षकाने त्या वाचाव्यात. केवळ नोंद केली म्हणून कारवाई होणार नाही आणि नोंद दडवली तर मात्र होईल, असा लेखी नियम असल्याशिवाय ती वही कोणीही भरणार नाही.

दहा मीटर

वहीची कल्पना मी माझ्या वर्गात पुढच्या सोमवारपासून सुरू करतो. नोंद मुलांनीच करावी आणि प्रशिक्षकाने खाली सही करावी, असे ठरवले आहे, कारण चूक घडताना शेजारच्या लेनवरच्या मुलाने ती पुष्कळदा प्रशिक्षकाआधी पाहिलेली असते. पहिल्या पानावर सर्व सिलिंडरांचे क्रमांक आणि मुदतीच्या तारखा असतील. पुण्यातील आणखी कोणी अशी वही ठेवणार असेल, तर रकाने सारखे ठेवू: तारीख, लेन, शस्त्राचा प्रकार, काय घडले, कोणी थांबवले, त्यानंतर काय बदलले.